धक्का मारू नका

आमच्या कोल्हापूरकडं रस्त्यात गाडी बंद पडली की कुणाला हाक मारावी लागत नाही. पानपट्टीवरचे दोघं, टपरीवर चहा पिणारे तिघं आणि उसातून बाहेर आलेला एक असे सहा जण मिनिटाभरात गाडीच्या मागं उभे राहतात. "बसा पावणं, सेकंड टाका," म्हणतात आणि ढकलायला लागतात. गाडी सुरू झाली की आभाराची वाटसुद्धा बघत नाहीत. हात झटकून आपापल्या चहाकडं जातात. मला या गोष्टीचा फार अभिमान होता. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांसमोर मी तो मिरवायची. आता मिरवत नाही, आणि त्याला कारण एक म्हैस आहे.

मी जनावरांची डॉक्टर. माहेर कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतलं, शिक्षकांचं घर. आमच्याकडं जनावर म्हणजे दुपारी कठड्यावर झोपायला येणारं मांजर. तरी मी हे काम निवडलं आणि गेली सव्वीस वर्षं कागलच्या बाजूच्या गावांतून म्हशींच्या मागं फिरते आहे. स्वभाव तापट आहे, हे मला माहीत आहे. लस चुकवली, गोठा ओला ठेवला, की मी मालकाला त्याच्या सासुरवाडीच्या माणसांसमोरही सोडत नाही. लोक ऐकून घेतात, कारण बोलावलं की मी जाते. माझी पत म्हणाल तर एवढीच.

ती पत एकदा गेली. काही वर्षांपूर्वी, पुराच्या दिवसांत, नदीकाठच्या एका वस्तीवरून सकाळी फोन आला की म्हैस विताना अडली आहे. वस्ती म्हणजे मळ्यातली पाच घरं. डांबरी रस्ता सोडला की आधी एक ओढा लागतो आणि पुढं उसामधून जाणारी अडीच-तीन किलोमीटरची पाणंद. पावसाळ्यात या पाणंदीत गुडघाभर काळा चिखल असतो. वस्तीतली माणसं जूनमध्येच आपल्या मोटरसायकली रस्त्यावरच्या शाळेच्या पडवीत लावून ठेवतात आणि दसऱ्यापर्यंत चालत ये-जा करतात.

मी भाड्याची जीप केली. ओढ्यात पाणी दिव्यांपर्यंत होतं आणि बरोबर मध्यावर जीप बंद पडली. पलीकडं मला न्यायला आलेली वस्तीतली माणसं सरळ पाण्यात उतरली. कुणीतरी माझ्या खिडकीशी येऊन विचारलं, "मारू काय धक्का, बाई?" मी घड्याळ बघितलं. म्हैस पहाटेपासून अडली होती, धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी होती, आणि मला इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी म्हणाले, "मारा की. बघताय काय?"

त्यांनी जीव लावून धक्का मारला. ड्रायव्हरनं क्लच सोडला. आतून लोखंडी बत्ता फरशीवर पडावा तसा एक आवाज आला आणि चाकं जागच्या जागी आवळली. मग ती जीप ना पुढं जाईना ना मागं. रस्त्यावरच्या माणसांनी दोर बांधून तिला अलीकडच्या काठावर ओढेपर्यंत तासभर गेला, आणि तेवढ्यात ओढा डोक्यावर चढला. पलीकडची माणसं पलीकडं राहिली, मी अलीकडं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोचले तेव्हा म्हैस ताठ झाली होती. पोटात रेडकूही तसंच. घरातल्या बाईनं मला पाय धुवायला पाणी दिलं आणि चहा दिला. मालक बांधावर पाठ करून बसला होता, तो शेवटपर्यंत वळला नाही. मला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. त्या चहातलं दूध शेजारच्या घरचं होतं, आणि तो चहा मला संपवावा लागला.

माझा धाकटा दीर पन्हाळ्याच्या रस्त्यावर एक कृषी पर्यटनाचं ठिकाण चालवतो. झुणका-भाकरी, झोपाळे, हुरडा, आणि शहरातल्या माणसांना चिखलात लोळवायला दोन एटीव्ही. चार जाड चाकांची ती मोटरसायकल मला तोवर निव्वळ चैन वाटायची. त्याला मी जीपची हकीकत सांगितली तेव्हा तो नेहमीसारखा हसला नाही.

"वैनी, इंजिन हवा खातंय," तो म्हणाला. "हवा दाबली की दबती. पाणी दबत न्हाय. आत पाणी गेलं आणि वरनं पिस्टन आपटला, की मधला दांडा वाकलाच म्हणून समजा. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी चालू करायची न्हाय. बटण दाबायचं न्हाय."

"आणि धक्का?"

"गिअरमदी टाकून मारलेला धक्का म्हंजे धा जणांनी मिळून दाबलेलं बटण."

मी घरी येऊन जेवले नाही. मी जनावरांतलं कळत नाही म्हणून माणसांना शिव्या घालत फिरणारी बाई, आणि मला साधी जीप कळली नव्हती. पुढच्या रविवारी मी दिराकडं गेले आणि म्हणाले, भावजी, मला शिकवा.

पहिल्या दिवशी त्यानं मला गाडीला हातही लावू दिला नाही. हातात काठी दिली आणि तळ्यातून चालायला लावलं. जिथं आपलं पाऊल ठरत नाही तिथं गाडी न्यायची नाही, हा पहिला धडा. पाणी पाय ठेवायच्या पट्टीपर्यंत असेल तर निवांत जायचं, सीटपर्यंत असेल तर विचार करून, आणि सीटच्या वर असेल तर घरी जायचं. गाडी श्वास घेते तो सीटखालच्या डब्यातून, म्हणून त्यानं त्या डब्याला एक पाइप जोडून हँडलच्याही वर आणला होता. त्याला तो सोंड म्हणायचा. पाण्यात शिरायचं ते हलक्या गिअरमध्ये, आणि उजव्या अंगठ्याखालचा वेगाचा खटका एकसारखा दाबून ठेवायचा. जोरात गेलं तर पाणी पुढून अंगावर चढतं. मध्येच अंगठा सोडला तर गाडीनं पुढं ढकललेली लाट मागं फिरते आणि इंजिनावर येऊन बसते. मी पहिल्या महिन्यात दोनदा अंगठा सोडला. दोन्ही वेळा दिरानं इंजिन माझ्याकडूनच उघडून घेतलं, प्लग काढायला लावला आणि स्वतः बाजूला बसून शेंगा खाल्ल्या. पन्नाशी उलटलेली बाई चिखलात बसून पाना फिरवते आहे, हे बघायला पर्यटक थांबायचे. मी त्यांच्यावर खेकसायची.

असे दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी, श्रावण संपता संपता, चौथ्या दिवशीही पाऊस थांबेना. सकाळी आठला फोन वाजला.

"बाई, म्हस पाचपासनं कळा देतीया. पाणमोट न्हाय, पाय न्हाय, काय बी दिसंना." आवाज बाईचा होता. मग ती म्हणाली, "मागल्या बारीचंच घर हाय. येतासा न्हवं?"

मी म्हणाले, येते. कळा येतात आणि काहीच पुढं सरकत नाही म्हणजे बहुतेक गर्भपिशवीला पीळ पडलेला असतो. ओलं लुगडं पिळावं तशी पिशवी फिरते, तोंड आवळतं, आणि रेडकाला वाट राहत नाही. पीळ सोडवता येतो, पण वेळेत. दुपारपर्यंत जमतं, संध्याकाळी सहसा नाही. आणि धरणाचे दरवाजे याही वेळी उघडले होते.

बोटी माणसं काढण्यात गुंतल्या होत्या आणि ते बरोबरच होतं. पाणंदीतून त्याच सकाळी एक ट्रॅक्टर कडेला घसरून उसात कलंडला होता, त्यामुळं दुसरा कुणी ट्रॅक्टर काढायला तयार नव्हता. मी दिराला फोन केला. तो पिकअपमध्ये एटीव्ही घालून, आचाऱ्याला चालवायला बसवून तासाभरात ओढ्यावर हजर झाला, पण उजव्या हाताला प्लॅस्टर. आठवड्यापूर्वी एका पर्यटकाला चिखलातून ओढताना मनगट मोडलं होतं आणि माझ्यापासून लपवलं होतं. प्लॅस्टरवर त्यानं दुधाच्या दोन रिकाम्या पिशव्या चढवून रबर लावलं होतं.

"म्हंजे चालवायची मी," मी म्हणाले.

"म्या मागं बसतो. पाण्यात मागचं चाक तरंगतंय, वजन पायजे. तेवढंच माझं काम."

मी कमरेला दोर बांधून काठी टेकत आधी चालत गेले. तळ घट्ट होता. सगळ्यात खोल जागी पाणी मांडीच्या वर आलं. परत येऊन गाडीला मोजलं तर सीटच्या चार बोटं खाली. डावीकडून ओढ होती, पण पाय उचलून नेण्याएवढी नव्हती. पलीकडच्या काठावर आठ-नऊ माणसं उभी होती, डोक्यावर खतांच्या पिशव्यांच्या खोळी घेतलेली. मागच्या वेळीही ती तशीच उभी होती.

औषधांची पेटी दिराच्या पाठीला बांधली, गिअर हलका केला आणि गाडी पाण्यात घातली. पहिली वीस पावलं सोपी गेली. पुढच्या चाकासमोर पाण्याची एक वळी तयार झाली आणि ती पुढं पुढं सरकू लागली. तिच्यामागं राहायचं, एवढंच करायचं असतं. पाणी गुडघ्यावर आलं, मग मांडीला लागलं. गाडी जडपणा सोडून हलकी झाली, मागचं चाक उजवीकडं सरकलं. "मागं रेला," दीर कानात म्हणाला. मी रेलले. चाक पुन्हा तळाला लागलं. मी पलीकडच्या काठावरच्या एका बाभळीवर नजर ठेवली आणि अंगठ्याला बजावत राहिले की तू फक्त दाबून धर.

काठ पंधरा-वीस पावलांवर असताना डावीकडून केंदाळाचा एक गठ्ठा आला. गाडीएवढा होता आणि थेट माझ्या पायावर येत होता. मी अंगठा सोडला. दोन पावसाळे शिकलेलं त्या एका क्षणात विसरले. पुढची वळी फिरली आणि आमच्यावर आली. इंजिन एकदा खोकलं.

"बंद करा," दीर ओरडला, पण त्याआधीच मी लाल बटण दाबलं होतं. इंजिन थांबलं. मग फक्त पाण्याचा आणि पावसाचा आवाज उरला.

पलीकडची माणसं लगेच पाण्यात उतरली. मला ते सगळं जसंच्या तसं पुन्हा दिसत होतं. पुढचा एकजण दहा पावलांवरूनच म्हणाला, "सेल मारा की बाई, धरतीया बगा." दुसरा येऊन पोचलाच, आणि बटण कुठं आहे ते शोधत त्याचा हात हँडलकडं आला. आमच्याकडं प्रत्येकाला वाटतं की बंद गाडी आपल्याच हाताला सुरू होणार आहे. मी किल्ली उपटून काढली आणि दोन्ही हात हँडलला हवे होते म्हणून दातांत धरली. दातांतूनच ओरडले, "कुणी बटणाला हात लावायचा न्हाय."

त्यांचे चेहरे पडले. एक म्हातारा म्हणाला, "अवो, मदतच कराय आलोय की."

"मदत मागच्या वेळी केलीसा. जीप गेली आणि म्हस बी गेली," मी म्हणाले. किल्ली दातांत असल्यामुळं अर्धं कळलं नसेल, पण उरलेलं अर्धं पुरेसं लागलं. मी ते बोलायला नको होतं, कारण त्या वेळी धक्का मारा म्हणणारी मीच होते.

गिअर मोकळा केला, आता ढकलून काठावर घ्या म्हणाले. त्यांनी मुकाट्यानं ढकललं. एकजण मात्र बाजूला उभा होता, पन्नाशीचा, डोक्याला गुलाबी टॉवेल, दोन्ही हात पाठीमागं बांधून. लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा उभा. मी त्याच्याकडं रागानं बघितलं तर ढकलणारा एकजण म्हणाला, "त्येला नगा सांगू बाई. त्यो कुणाच्याच गाडीला हात लावत न्हाय. माज हाय."

गुलाबी टॉवेलवाल्यानं पाठीमागचे हात आणखी घट्ट बांधले.

काठावर आल्यावर प्रश्न असा होता, की चालत निघायचं की गाडी उघडायची. माझ्या गुडघ्यांनी त्या चिखलात दीड तास. गाडी उघडायला वीस मिनिटं आणि पुढं पंधरा-वीस. पण उघडूनही सुरू झाली नाही तर ती वीस मिनिटं पाण्यात. मी ठरवलं, उघडायची. बाकीच्यांना म्हणाले, तुम्ही आत्ताच चालायला लागा, पोचलात की मला तुमचे हात लागणार आहेत. घरी फोन करून लांब फळी आणि दोर काढून ठेवायला सांगा. ती माणसं गेली. गुलाबी टॉवेलवाला थांबला.

"म्हस माजी हाय," तो म्हणाला. "बाईंनी सांगितल्याबिगर हलणार न्हाय."

मी सीट काढली. डब्यात पेलाभर पाणी होतं. सोंडेचा जोड ढिला झाला होता. दिरानं तो सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं एका हातानं आणि दातांनी आवळला होता आणि मला सांगितलं नव्हतं. त्याच्याकडं बघितलं तर तो म्हणाला, "वैनी, शिव्या मागनं द्या." डब्याखालचं रबरी बूच काढून पाणी सोडलं, आतला स्पंज पिळला. मग प्लग. आता इंजिनाचं तोंड उघडणार आणि वरून पाऊस. मालकानं न सांगता डोक्यावरची खोळ काढली आणि इंजिनावर धरली. स्वतः भिजत राहिला. गाडीला त्याचं बोटही लागत नव्हतं, हे मी तेव्हा बघितलं पण मनावर घेतलं नाही.

प्लग फिरेना. पान्यावर दोन्ही हातांनी वजन टाकलं तेव्हा तो कुरकुरत सुटला. तेवढ्यात मालकाचा फोन वाजला. त्यानं खांदा वर करून तो कानाशी दाबला, ऐकला, आणि "बरं" म्हणाला.

"काय म्हणत्यात?" मी विचारलं.

"आडवी पडलीया. उठंना झालीया."

त्याच्या जागी मी असते तर डॉक्टरच्या हातातला पाना काढून घेतला असता, नाहीतर बखोट धरून चालायला लावलं असतं. त्यानं खोळ जरा खाली घेतली, पाऊस तिरका येत होता म्हणून.

प्लग बाहेर, किल्ली आत, बटण दाबलं. आता दाबायला हरकत नव्हती, कारण पाण्याला बाहेर पडायला भोक होतं. इंजिन मोकळं फिरलं आणि प्लगच्या भोकातून गढूळ पाण्याची पिचकारी माझ्या तोंडावर आली. पुन्हा दाबलं, थोडं आलं. पुन्हा, नुसती वाफ. आत काही आपटत नव्हतं. मग ऑइलची पट्टी काढून पुसली, बुडवली, बाहेर काढली. ऑइलमध्ये पाणी मिसळलं असतं तर ते ताकासारखं दिसलं असतं. ते काळपट आणि स्वच्छ होतं. दिरानं पट्टी माझ्या हातून घेऊन परत आत खुपसली.

प्लग परत बसवताना घाई करायची नसते. पहिले दोन आटे बोटांनीच फिरवायचे, वाकडा गेला तर संपलं. माझी बोटं गारठली होती. एकदा वाकडा जातोय वाटलं, काढला, पुसला, पुन्हा लावला. मालक माझ्या बोटांकडं बघत होता. मग डबा, स्पंज, सोंडेचा जोड, सीट. बटण दाबलं तर एकदा नुसतं घरघरलं. दुसऱ्यांदा खोकलं. तिसऱ्यांदा धरलं आणि मागून पांढऱ्या धुराचा लोट आला.

"चिखलात वजन नको," दीर पाठीवरची पेटी माझ्याकडं देत म्हणाला. "एकट्या जावा. आमी येतो चालत."

पाणंदीत मी उसाच्या मुळांच्या आधारानं कडेकडेनं गेले. मधे बैलगाड्यांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या होत्या आणि त्यात गाडी गेली असती तर पोटावर बसली असती. चाकं जागच्या जागी फिरायला लागली की अंगठा हलका करायचा, गाडी चालायला लागली की पुन्हा दाबायचा. पुढं गेलेल्या माणसांना मी अर्ध्या वाटेत ओलांडलं, ती उसात शिरून उभी राहिली. शेवटच्या वळणाआधी इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला. पुढच्या जाळीवर चिखल थापला होता. उतरून उसाच्या पाल्यानं जाळी खरवडली, खड्ड्यातलं पाणी ओंजळीनं मारलं आणि दिवा विझेपर्यंत थांबले. ती दोन मिनिटं मला सकाळपासूनच्या सगळ्या वेळेपेक्षा जड गेली.

म्हैस गोठ्यात आडवी होती, मान टाकलेली, डोळे उघडे. मी हात आत घातला. बोटांना वळ्या लागल्या, उजवीकडं वळत गेलेल्या. पीळच होता. वळ्यांच्या पुढं, अगदी बोटांच्या टोकाला, रेडकाचा खूर लागला. मी तो चिमटला आणि रेडकानं पाय मागं ओढला. जिवंत होतं.

पुरुष अजून वाटेत होते. घरात आणि शेजारी मिळून सात बाया. मी म्हणाले, पदर खोचा. म्हशीला उजव्या कुशीवर घेतलं, पुढचे दोन पाय एका दोराला, मागचे दोन दुसऱ्या दोराला. पोटावर फळी आडवी ठेवली आणि फोन केलेल्या त्या घरधनीणबाईला फळीवर उभं केलं, म्हणजे रेडकू जागच्या जागी दबून राहतं आणि भोवतीची पिशवी म्हशीबरोबर फिरते. मग सगळ्यांनी मिळून म्हैस पाठीवरून दुसऱ्या कुशीवर लोळवायची. पहिल्यांदा जोर पुरला नाही, अर्ध्यावर थांबली. दुसऱ्यांदा फिरली, हात घातला, वळ्या तशाच. एक सून रडायला लागली. मी म्हणाले, रड मागनं, दोर धर.

तिसऱ्या वेळेला दोराला जास्तीचे दोन हात आले. बघितलं तर मालक होता. कमरेपर्यंत चिखल, टॉवेल कुठंतरी पडलेला. तीन किलोमीटर तो पळत आला होता. "आता," मी म्हणाले, आणि सगळ्यांनी ओढलं. म्हैस पाठीवरून पलीकडं गेली आणि माझ्या हाताखाली वळ्या एकेक करून सुटल्या. पाण्याचा लोंढा माझ्या पायांवर आला. पुढची पंधरा मिनिटं नेहमीची होती. दोन पाय, मग नाक, मग सगळी. रेडी होती. नाकातला चिकटा काढला, काडीनं शिंकवलं, आणि तिनं मान झटकली. थोड्या वेळानं म्हैस स्वतःच उठली आणि तिला चाटायला लागली.

मी ओट्यावर बसले. बाईनं चहा आणला. दूध या खेपेलाही शेजारचंच होतं. "चार दिसांनी घरचं," ती म्हणाली आणि आत गेली. मालक समोर बसला, पण माझ्याकडं पाठ करून, गोठ्याकडं तोंड करून. ती पाठ मी ओळखली.

"बाई, मागल्या बारीला खिडकीशी मीच आलतो," तो म्हणाला. "धक्का मारू काय म्हणून. सगळ्यांस्नी मीच वरडून वरडून पाण्यात उतरवलंतं. म्हस माजी, मी मारली." मग म्हणाला, "तवापासनं कुणाच्या गाडीला हात लावला न्हाय. भीती वाटती. लोक म्हणत्यात माज आलाय."

मला सगळी वर्षं वाटत होतं की या घरानं मला माफ केलेलं नाही म्हणून तो वळला नाही. मी म्हणाले, "मारा म्हणून मी सांगितलंतं. तुम्ही विचारलंसा. मी सांगितलं."

त्यानं मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. मला रडू येत होतं आणि मी ते चहात घातलं.

ओढ्याचं पाणी वाढायच्या आत निघायला हवं होतं. दीर धापा टाकत पोचला तशी मी उठलेच. त्याला म्हणाले, तुम्ही राहा इथंच, पाणी उतरल्यावर या, आणि त्याच्या वजनाऐवजी मागं मातीचं पोतं बांधून घेतलं. गाडी वस्तीतून बाहेर काढली आणि पन्नास पावलांवर, जिथं सगळ्यांनी दिवसभर तुडवून चिखलाचा राडा केला होता, तिथं मागची दोन्ही चाकं रुतली. अंगठा दाबला की चिखल उडत होता आणि गाडी खाली बसत होती. वाटेतली माणसं आता पोचली होती, ती सवयीनं पुढं सरसावली. मी हात वर करून त्यांना थांबवलं आणि मागं उभ्या असलेल्या मालकाकडं वळले. त्याचे हात पुन्हा पाठीमागं गेले होते.

"गाडी चालू हाय. पाण्यात न्हाय, चिखलात हाय," मी म्हणाले. "काय होत न्हाय. मारा धक्का."

तो हलला नाही.

"मारा की. बघताय काय?"

त्यानं दोन्ही तळवे विजारीला पुसले, पुढं आला आणि मागच्या दांड्यावर ठेवले. मला ते ठेवल्याचं गाडीतून कळलं. त्यानं जोर लावला, मी अंगठा दाबला, आणि गाडी चिखलातून सुटून वर आली. मागं कुणीतरी त्याला विचारत होतं, "आज कसा रं हात लावलास?" त्यानं काय उत्तर दिलं ते इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, कारण मी अंगठा सोडला नव्हता.